जस्त आणि श्वसनमार्गाचे विषाणूसंसर्ग : प्रश्न कुठवर आला आहे?

२०२० आणि २०२१च्या करोना लाटांत घरोघरी औषधांची जी पुडी आली, तिच्यात तापाच्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांसोबत झिंकची गोळी ठरलेलीच असे. लाटा ओसरल्या, गोळी मात्र राहिली. आजही सर्दी-खोकल्याच्या चिठ्ठीवर ती दिसते. अनेक जण डॉक्टरांना न विचारताच मेडिकलमधून ती आणतात आणि 'इम्युनिटीसाठी' महिनोन्महिने घेतात. जस्त, म्हणजेच झिंक, विषाणूंच्या संसर्गात खरोखर उपयोगी पडतं का, या प्रश्नावर गेली पन्नास वर्षं संशोधन चालू आहे. तरीही त्याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

त्याचं मोठं कारण असं, की हा एक प्रश्न नसून तीन आहेत. शरीरात जस्त कमी असलेल्या माणसाला ते दिलं, तर त्याची प्रतिकारशक्ती सुधारते का? ज्याच्या शरीरात ते पुरेसं आहे, त्याला जादा दिल्याने काही फायदा होतो का? आणि विषाणू जिथे वाढतो त्या घशातच जस्ताचे आयन सोडले, तर आजार लवकर आटोपतो का? या तिन्ही प्रश्नांवर वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वयाच्या लोकांवर, वेगवेगळ्या मात्रांत काम झालं आहे. चर्चेत मात्र एकाचं उत्तर सर्रास दुसऱ्याला लावलं जातं. म्हणून हा विषय सुटा करून पाहायला हवा.

कमतरतेचा शोध

जस्ताशिवाय उंदीर वाढत नाहीत हे १९३४मध्येच सिद्ध झालं होतं. पण माणसाला त्याची उणीव भासेल असं कोणाला वाटत नव्हतं, कारण ते जवळपास प्रत्येक अन्नात असतं. हा समज मोडला तो बिहारमधल्या बक्सरला जन्मलेल्या आनंद प्रसाद यांनी. अमेरिकेत शिक्षण घेऊन ते इराणमधल्या शिराझला गेले होते. तिथे त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला. तो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा होता, त्याला तीव्र रक्तक्षय होता, यकृत आणि प्लीहा वाढलेली होती आणि वयात येण्याची एकही खूण नव्हती. त्याचा आहार म्हणजे जवळजवळ नुसती बिनखमिराची रोटी, आणि त्याला माती खायची सवय होती. असे आणखी रुग्ण सापडले. १९६१मध्ये प्रसाद यांनी ही निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि पुढे इजिप्तमध्ये अशाच रुग्णांत जस्ताची कमतरता मोजून दाखवली. या खुज्या तरुणांतले बरेच जण पंचविशीच्या आतच कुठल्या ना कुठल्या संसर्गाने दगावत, ही त्यांची नोंद आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. अमेरिकेच्या आहारमानकांत जस्ताला जागा मिळायला मात्र १९७४ उजाडावं लागलं.

त्याच सुमारास दुसरा पुरावाही हाती आला. अक्रोडर्मटायटिस एंटरोपॅथिका या दुर्मीळ आनुवंशिक आजारात बाळाच्या आतड्यातून जस्त शोषलंच जात नाही. अशा बाळांच्या तोंडाभोवती आणि गुदद्वाराभोवती चट्टे येतात, जुलाब थांबत नाहीत आणि उपचार झाले नाहीत तर संसर्गाने मृत्यू येतो. जस्त द्यायला लागताच ती सुधारतात, हे १९७०च्या दशकात लक्षात आलं. जस्ताच्या तीव्र कमतरतेत प्रतिकारशक्ती कोलमडते, याबद्दल तेव्हापासून कोणाचं दुमत नाही. खरा वाद त्याच्या पुढचा आहे.

पेशींच्या पातळीवर

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण दोन ते तीन ग्रॅम जस्त असतं. त्यातलं बहुतेक स्नायू आणि हाडांत असतं, रक्तद्रवात एक टक्कासुद्धा नसतं. लोहासारखा त्याचा वेगळा साठा नसल्यामुळे ते रोज आहारातून यावं लागतं. टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी जस्त कमी पडलं की आक्रसते आणि तिचं थायम्युलिन हे संप्रेरक जस्ताशिवाय निष्क्रिय राहतं. टी-पेशीला धोक्याचा इशारा मिळतो तेव्हा तिच्या आतली दोन प्रथिनं जस्ताच्या अणूनेच एकमेकांत अडकतात. विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी, श्वासनलिकेच्या अस्तरातले पेशींमधले सांधे, दाह वेळेवर थांबवणारी प्रथिनं, या सगळ्यांना जस्त लागतं.

इथपर्यंत चित्र एकतर्फी वाटतं. पण विषाणूंनाही जस्त हवंच असतं. करोना विषाणूच्या अनेक प्रथिनांचा आकार जस्तामुळेच टिकतो, आणि श्वसनमार्गाच्या आरएसव्ही या विषाणूचंही एक महत्त्वाचं प्रथिन जस्तावर अवलंबून आहे. शिवाय श्वसनमार्गात विषाणूविरुद्ध काम करणाऱ्या लॅम्डा-३ या इंटरफेरॉनच्या कामात जस्त अडथळा आणतं, असं २०१७च्या एका अभ्यासात आढळलं. म्हणजे जितकं जस्त जास्त तितकी प्रतिकारशक्ती जास्त, असं सरळ गणित पेशींच्या पातळीवरच बसत नाही.

प्रयोगशाळेतले दोन निष्कर्ष वारंवार सांगितले जातात. जस्ताचे आयन ऱ्हायनोव्हायरस या सर्दीच्या प्रमुख विषाणूची वाढ रोखतात, हे १९७४मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. विषाणू आपली प्रथिनं आधी एका लांबलचक साखळीत बनवतो आणि मग तिचे तुकडे करतो. जस्त ते तुकडे होऊ देत नाही. २०१०मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांनी दाखवलं, की जस्त सार्स-करोना विषाणूची आरएनए-नक्कल करणारी यंत्रणा थांबवतं. मात्र त्या प्रयोगात जस्त पेशीच्या आत शिरावं म्हणून पायरिथिओन हे रसायन सोबत होतं. कोंड्यावरच्या शाम्पूत वापरतात तेच हे. गोळी गिळल्यावर असं काही घडत नाही. पेशी आपल्या आतलं मुक्त जस्त फार काटेकोरपणे आवरून धरते. २०२०मध्ये जस्त पेशीत शिरावं म्हणून ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसोबत द्यावं, ही कल्पना याच प्रयोगांवरून पुढे आली होती.

घशातली गोळी

तिसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे चघळायच्या गोळ्यांचा, इतिहास सगळ्यात रंजक आहे आणि सगळ्यात वादग्रस्तही. १९७९मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जॉर्ज ईबी यांच्या तीन वर्षांच्या मुलीला रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू होते. तिला सर्दी झाली असताना झिंक ग्लुकोनेटची गोळी दिली. अशक्तपणामुळे तिने ती गिळण्याऐवजी तोंडात धरून ठेवली आणि काही तासांत सर्दी नाहीशी झाली, असं ईबी सांगत. त्यांनी पासष्ट जणांवर चाचणी घेतली. जागेपणी दर दोन तासांनी २३ मिलिग्रॅम जस्ताची गोळी चघळायची होती. १९८४च्या अहवालानुसार सात दिवसांनी जस्त घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के बरे झाले होते, नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के.

त्यानंतर निकालांचा लंबक सतत हलत राहिला. १९९६मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या शंभर कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली. तिच्यात सर्दीचा काळ ७.६ दिवसांवरून ४.४ दिवसांवर आला. दोनच वर्षांनी त्याच क्लीव्हलँडच्या शाळकरी मुलांवरच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही.

निकाल असे का बदलतात, याची दोन स्पष्टीकरणं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिलं रसायनाचं आहे. जस्ताची चव तुरट, धातूसारखी असते. ती झाकायला गोळीत सायट्रिक ॲसिड घातलं तर ते जस्ताला घट्ट बांधून ठेवतं आणि घशात मुक्त आयन सुटतच नाहीत. म्हणजे गोळीत जस्त असतं, पण ते कामाचं नसतं. फिनलंडचे हॅरी हेमिला यांनी २०११मध्ये जुन्या चाचण्या मात्रेनुसार वेगळ्या केल्या. दिवसाला ७५ मिलिग्रॅमपेक्षा कमी जस्त दिलेल्या चाचण्यांत परिणाम दिसला नाही. त्याहून जास्त मात्रेत, विशेषतः झिंक ॲसिटेटच्या रूपात, सर्दीचा काळ बराच कमी झाला. दुसरं स्पष्टीकरण संशयवाद्यांचं आहे. ज्या चवीमुळे आयन सुटल्याचं कळतं, त्याच चवीमुळे आपल्याला खरी गोळी मिळाली आहे हेही रुग्णाला कळतं. 'आज नाक किती वाहिलं' यासारखी लक्षणं रुग्ण स्वतःच नोंदवत असेल, तर एवढं कळणंही निकाल झुकवायला पुरतं.

हेमिला यांचं श्रेय असं, की त्यांनी आपल्याच मताची परीक्षा घेतली. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना झिंक ॲसिटेटच्या गोळ्या आधीच देऊन ठेवल्या होत्या आणि सर्दी होताच त्या सुरू करायच्या होत्या. मात्रा दिवसाला ७८ मिलिग्रॅम, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कसोटीत बसणारी. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल नकारात्मक आला. जस्त घेणारे लवकर बरे झाले नाहीत.

सगळ्या चाचण्यांची गोळाबेरीज करणाऱ्या आढाव्यांचाही प्रवास असाच आहे. कॉक्रेन संस्थेचा जुना आढावा जस्ताच्या बाजूने होता. आकडेमोडीबद्दल शंका निघाल्यावर तो २०१५मध्ये मागे घेण्यात आला. २०२४च्या नव्या आढाव्यात ३४ चाचण्या आणि साडेआठ हजारांवर लोक आहेत. सर्दी टाळण्यासाठी जस्ताचा उपयोग जवळपास नाही. सर्दी झाल्यावर घेतलं तर ती सुमारे दोन दिवस आधी संपत असावी, पण या निष्कर्षाची खात्री कमी. मळमळ, तोंडाची चव जाणं असे किरकोळ त्रास मात्र वाढतात, असं तो सांगतो. माझ्या मते आजच्या घडीला एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

नाकाचा मार्ग मात्र बंदच समजावा. १९३७मध्ये कॅनडातल्या टोरांटोत पोलिओ टाळण्यासाठी हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं. पोलिओ टळला नाही, काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र गेली. त्यानंतर सत्तर वर्षांनी हाच प्रकार बाजारात पुन्हा घडला. नाकात लावायच्या जस्ताच्या जेलमुळे वास गेल्याच्या १३०हून अधिक तक्रारी आल्यावर २००९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती न वापरण्याचा इशारा दिला.

मुलांचा न्यूमोनिया

आपल्या देशाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि त्यातलं बरंचसं काम भारतीय उपखंडातच झालं आहे. दिल्लीच्या गरीब वस्त्यांत सुनील सझावाल आणि सहकाऱ्यांनी सहा ते पस्तीस महिन्यांच्या सहाशेवर मुलांपैकी सुमारे निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम जस्त दिलं. १९९८च्या त्यांच्या अहवालात फुप्फुसाचे तीव्र संसर्ग ४५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. निता भंडारी यांच्या गटाने दक्षिणपुरी वस्तीत सुमारे अडीच हजार मुलांवर मोठी चाचणी केली, तिच्यात न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने उतरलं. अनेक देशांच्या चाचण्या एकत्र केल्यावर न्यूमोनियात ४१ टक्के घट दिसली. त्या काळी जस्त म्हणजे न्यूमोनियावरची स्वस्त लसच सापडली, अशी आशा निर्माण झाली होती.

मोठ्या चाचण्या झाल्या तशी ती आशा आकसत गेली. कॉक्रेनच्या न्यूमोनियावरच्या आढाव्यात घट १३ टक्क्यांवर आली. छाती तपासून किंवा एक्स-रे काढून निदान पक्कं केलेल्या न्यूमोनियात ती २१ टक्के होती. जस्ताच्या सगळ्याच परिणामांवरच्या कॉक्रेनच्याच दुसऱ्या एका आढाव्यात श्वसनमार्गाच्या खालच्या भागातल्या संसर्गांवर परिणाम जवळपास शून्य निघाला. तीच संस्था, बऱ्याचशा त्याच चाचण्या, तरी उत्तर निराळं. याचं कारण व्याख्येत आहे. 'खोकला आणि जलद श्वास' एवढ्यालाच न्यूमोनिया म्हटलं की त्यात साधी सर्दी आणि दम्याची घरघरही येते, आणि जस्ताचा परिणाम असलाच तर तो पातळ होतो.

न्यूमोनिया झाल्यावर जस्त देण्याचे निकाल तर आणखी विखुरलेले आहेत. बांगलादेशात मतलब इथे २००४च्या चाचणीत तीव्र न्यूमोनियाची मुलं सुमारे एक दिवस आधी घरी गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या २००६च्या चाचणीत फायदा दिसला नाही. उलट उन्हाळ्यात दाखल झालेल्या मुलांचा आजार जस्ताने लांबला. युगांडात २०१२मध्ये बरं व्हायला लागणारा वेळ तोच राहिला, पण मृत्यू ११.९ टक्क्यांऐवजी ४ टक्के झाले, आणि हा फरक एचआयव्हीबाधित मुलांत अधिक होता.

यातल्या बहुतेक चाचण्यांत न्यूमोनिया विषाणूचा होता की जिवाणूचा, हे पाहिलेलंच नाही. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत झालेल्या पर्च या अभ्यासाने २०१९मध्ये दाखवलं, की रुग्णालयात दाखल झालेल्या तीव्र न्यूमोनियाच्या मुलांत सुमारे ६१ टक्के वेळा कारण विषाणू असतो, आणि त्यात आरएसव्ही सगळ्यात पुढे. मग जस्ताने जो थोडाफार न्यूमोनिया टळला तो आरएसव्हीचा, फ्लूचा की न्यूमोकोकस या जिवाणूचा? याचं उत्तर अजून कोणाकडे नाही. मला हीच या सगळ्या संशोधनातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

करोनाकाळ

करोनाने संशोधनाची गती वाढवली, स्पष्टता फार वाढवली नाही. रुग्णांच्या रक्तात जस्त कमी असल्याचे अहवाल अनेक ठिकाणांहून आले, चेन्नईहूनही. उपचारांच्या चाचण्यांपैकी क्लीव्हलँड क्लिनिकची चाचणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. घरीच असलेल्या २१४ रुग्णांत जस्त ५० मिलिग्रॅम, क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा, दोन्ही मिळून, किंवा नेहमीचे उपचार अशी तुलना होती. फरक पडण्याची शक्यता नाही असं दिसल्याने ती मध्येच थांबवली. याउलट ट्युनिशियात ४७० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना पंधरा दिवस दिवसातून दोनदा २५ मिलिग्रॅम जस्त दिल्यावर अतिदक्षता विभागात जावं लागणाऱ्यांचं प्रमाण ११.३ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आलं. मृत्यूही कमी होते, पण तो फरक योगायोग नाही असं म्हणण्याइतका ठाम नव्हता. ही चाचणी दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण तेवढ्यावर धोरण ठरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चाचणीबाहेर नेहमीच्या आहारमानापेक्षा जास्त जस्त करोनासाठी देऊ नये, असा सल्ला दिला होता.

२०२१मध्ये म्युकरमायकोसिसचा कहर झाला, तेव्हा जस्ताच्या गोळ्यांमुळे ही बुरशी फोफावली का, अशी शंकाही निघाली. बुरशीला वाढायला जस्त लागतं, हे खरं. रुग्णांच्या अभ्यासांतले निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर ही कारणं मात्र ठळक आहेत.

मोजायचं कसं?

या सगळ्या वादाची मदार एका रक्तचाचणीवर आहे, आणि ती चाचणीच डळमळीत आहे. रक्तद्रवातलं जस्त सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर वेगळं येतं. नळीचं रबरी बूच, काचेवरची धूळ, नमुन्यात फुटलेल्या तांबड्या पेशी, या प्रत्येकामुळे आकडा वर जातो. त्याहून मोठी अडचण म्हणजे संसर्ग होताच शरीर स्वतःच रक्तातलं जस्त यकृताकडे ओढून घेतं. म्हणून दाखल झालेल्या करोनाबाधितात जस्त कमी आढळलं, तर ते आजाराचं कारण की परिणाम, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. बॉस्टनच्या वृद्धाश्रमांतल्या अभ्यासात जस्त कमी असलेल्या वृद्धांत न्यूमोनिया अधिक आढळला, तिथेही ही शंका पूर्णपणे फिटत नाही.

भारतापुरता आकडा सांगायचा तर २०१६ ते २०१८च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात एक ते चार वयोगटातली १९ टक्के, पाच ते नऊ वयाची १७ टक्के आणि किशोरवयीन ३२ टक्के मुलं जस्ताची कमतरता असलेली आढळली.

ताटातलं जस्त

कमतरतेचं मूळ शोधायला गेलो की आपण शेतात आणि स्वयंपाकघरात पोहोचतो. देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक मातीनमुन्यांत जस्त कमी आढळतं. महाराष्ट्रातल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ते पिकाला मिळत नाही, म्हणून शेतकरी झिंक सल्फेट टाकतो. मांस-मासळी न खाणाऱ्या घरात जस्त येतं ते धान्य आणि डाळींतून. पण त्यांच्या कोंड्यात फायटेट असतं आणि ते जस्ताला आतड्यात अडकवून ठेवतं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये पुरुषांसाठी रोज १७ आणि स्त्रियांसाठी १३ मिलिग्रॅम जस्त सांगितलं. अमेरिकेत हेच आकडे ११ आणि ८ आहेत. आपल्या आहारातलं फायटेट हे या फरकाचं मुख्य कारण. मटकीला मोड आणले, आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवलं, ज्वारीची आंबील केली की फायटेट फुटतं आणि तेवढ्याच धान्यातून जास्त जस्त मिळतं.

वाणांच्या पातळीवरही काम चालू आहे. बाजरीचं धनशक्ती वाण २०१२मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं. त्यात लोहाबरोबर जस्तही अधिक आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस ४०२८ या बन्सी गव्हात दर किलोला सुमारे ४० मिलिग्रॅम जस्त असतं. असं धान्य खाऊन संसर्ग कमी होतात का, याचा एक मोठा प्रयोग दिल्लीत झाला. सहा हजार स्त्रिया आणि लहान मुलांपैकी सुमारे निम्म्यांना सहा महिने जस्तयुक्त गव्हाचं पीठ दिलं. २०१८च्या निकालात मुलांचे न्यूमोनियाचे दिवस १७ टक्क्यांनी कमी झाले, पण रक्तातल्या जस्तात फरक दिसला नाही. हा निकाल आशादायक आहे आणि कोड्यात टाकणाराही, कारण चाचणीला न दिसणारा बदल शरीराला जाणवला असं त्यातून मानावं लागतं.

काय बाकी आहे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी मिळालं आहे. कमतरता असलेल्या मुलांत आणि वृद्धांत ती भरून काढणं योग्यच आहे. त्याने विषाणूंचा संसर्ग नेमका किती टळतो, एवढाच भाग उघडा आहे. दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे पुरेसं जस्त असलेल्याने जादा घेण्यावर, फायद्याचा भक्कम पुरावा नाही आणि तोट्याचा आहे. ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक जस्त आठवडेच्या आठवडे घेतलं की तांब्याचं शोषण घटतं. त्यातून रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी कमी होतात आणि क्वचित मज्जारज्जूला इजा होते. तिसरा प्रश्न हेलसिंकीनंतर पुन्हा खुला झाला आहे. पुढच्या चाचण्यांनी सुरुवातीलाच प्रत्येकाचं जस्त आणि दाहाचं प्रमाण मोजावं, आणि आजार कोणत्या विषाणूचा हे तपासावं. तसं न करता केलेली आणखी एक चाचणी गोंधळातच भर घालेल.

तोवर वाचकांना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. गोळी घेताना पाकिटावर क्षाराचं वजन लिहिलं आहे की मूळ जस्ताचं, ते पाहा. ५५ मिलिग्रॅम झिंक सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये जस्त २० मिलिग्रॅमच असतं. प्रतिकारशक्तीच्या नावाखाली मोठी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चालू ठेवू नका. आणि लहान मुलाला जुलाबासाठी ओआरएससोबत आशाताईंनी १४ दिवसांच्या जस्ताच्या गोळ्या दिल्या असतील, तर तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून त्या बंद करू नका. जस्ताचा पुरावा सगळ्यात पक्का तिथे आहे, म्हणून चौदाही दिवस द्या.